कोकण रेल्वेचा वेग आणि पाऊस

मुंबईहून पर्यटनासाठी मालवणास येणाऱ्यास आज सर्वांत जलद गाडी म्हणजे ‘वंदे भारत’. 27 जून 2023 रोजी सुरू झालेली ही गाडी मुंबई-मडगाव हे अंतर एरवी पावणेआठ तासांत कापते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ती केवळ कणकवलीस थांबते. मालवणपर्यंत रूळ नाहीत, पुढे एस.टी. किंवा रिक्षा.

पावसाळ्यात मात्र याच प्रवासास सुमारे दहा तास लागतात. पाहुणे कुरकुरतात. आम्हां इतिहासाच्या शिक्षकांना त्याचे कारण सांगणे अगत्याचे वाटते, कारण ते आपल्याच जिल्ह्यात घडले. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड कोसळली आणि कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी घसरली. सुमारे 50 प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच जूनमध्ये महाडनजीक करंजाडी येथे मत्स्यगंधा एक्सप्रेसवरही दरडीनेच घाला घातला.

आज उतारांवर जाळ्या आहेत. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाल्यास चालकाने वेग ताशी 40 किलोमीटरवर आणावा, असा दंडक आहे. आपण वातानुकूलित डब्यात पेंगत असतो, तेव्हा भर पावसात रात्रपाळीचे गस्तकरी रूळ तपासत पायी चालत असतात. त्या कष्टकऱ्यांचा उल्लेख पर्यटनाच्या माहितीपत्रकांत आम्हांस कधी आढळला नाही.

भर पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. ज्यांना मुलांसह किल्ला पाहावयाचा आहे, त्यांनी दिवाळीनंतरचे तिकीट काढावे.