‘नवी जाती’ म्हणजे काय?
उमरेड-कऱ्हांडल्याच्या अरण्यातील एखादे अळंबे शास्त्रज्ञांनी ‘नवी जाती’ म्हणून जाहीर केले, की ते नुकतेच निर्माण झाले अशी समजूत सहज होते. वस्तुतः मोजणीपूर्वीही शेत पिकतच असते, दप्तरी नोंद तेवढी मागाहून होते, तसाच हा प्रकार आहे. या नोंदीसाठी अळंब्याची छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवून खाली पडलेल्या बीजाणूंचा (पुनरुत्पादक सूक्ष्म कणांचा) रंग पाहतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची मापे घेतात, जनुकीय क्रम ज्ञात जातींशी ताडतात, आणि भेद निश्चित झाल्यावरच वर्णन प्रसिद्ध करून वाळवलेला प्ररूप-नमुना (नावाचा कायमचा आधार) पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील कवक-संग्रहासारख्या ठिकाणी जमा करतात. नोंद मागाहून होते याचे एक उदाहरण: वारुळांवर उगवणाऱ्या ‘टर्मिटोमायसिस’ प्रजातीला (जवळच्या जातींच्या गटाला) कवकशास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये नाव दिले. ती अळंबी लोक त्यापूर्वीही आवडीने खात होते, आणि ही लोकांची ओळखही, माझ्या मते, वर्णनात सन्मानाने नमूद व्हावी.