तीन अधिक तीन म्हणजे सहा?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा खेळ. तुमचं पात्र योद्धा, जादूगार असा एक ‘क्लास’ निवडतं आणि १ ते २० पातळ्या चढतं. मध्येच दुसरा क्लास घेतला, की ते मल्टिक्लासिंग. आणि ‘फीट’ म्हणजे क्लासच्या ठरलेल्या शिक्षणाबाहेरचं एखादं खास कौशल्य.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत फीट एकूण पातळी बघून मिळायचं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हिशेब बदलला: फीट हवं, तर कुठल्यातरी एका क्लासची चौथी पातळी गाठा. २०२४ च्या सुधारित नियमांत सुरुवातीलाच एक फीट मिळतं, पण पुढचा हिशेब तोच.

आता समजा, तुम्ही योद्धा ३ आणि जादूगार ३ आहात. एकूण पातळी ६. पण चौथी कशातच नाही, म्हणून ते फीट नाही. पाचवीही नाही, म्हणजे योद्ध्याचा जादा वार नाही आणि जादूगाराचा फायरबॉलही नाही.

हे का सांगतोय? पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी प्रयोग अर्धवट टाकून मी कोडिंगच्या मागे लागलो. सहा महिन्यांनी गाईडनी विचारलं, ‘‘यातलं एकट्याने काय करू शकशील?’’ मी गप्प.

दोन विषय जरूर जोडा. फक्त वळण्याआधी स्वतःला विचारा: पहिल्यातली पाचवी पातळी किती लांब आहे? एकच पायरी उरली असेल, तर ती चढूनच वळा.