‘साइनफेल्ड’चा विषय कोणता?

एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर १९८९ ते १९९८ या काळात ‘साइनफेल्ड’चे १८० भाग झाले. ‘कशाबद्दलच नसलेली मालिका’ हे तिचं बिरुद कुणा टीकाकाराने दिलेलं नाही. चौथ्या पर्वात जेरी आणि जॉर्ज ही पात्रं वाहिनीच्या अधिकाऱ्यांपुढे एका मालिकेची कल्पना मांडतात, त्या प्रसंगातून ते आलं आणि लोकांनी मूळ मालिकेलाच लावून टाकलं. प्रत्यक्षात जेरी साइनफेल्ड आणि लॅरी डेव्हिड या दोन स्टँड-अप कॉमेडियननी वाहिनीपुढे वेगळीच कल्पना ठेवली होती: रंगमंचावर एकट्याने उभं राहून हसवणाऱ्या माणसाला त्याचं मटेरियल रोजच्या जगण्यातून सापडतं कसं, हे दाखवायचं. ही मूळ कल्पना ध्यानात ठेवली की मालिकेचा खरा विषय दिसू लागतो. शहरात एकमेकांशी वागताना माणसं जे अलिखित नियम पाळतात, ते नियम आणि ते मोडल्यावर उडणारी धांदल, हा तो विषय आहे, आणि तो मुळीच किरकोळ नाही.

स्टँड-अप करणारा एखादी क्षुल्लक गोष्ट हातात घेतो आणि तिचा कीस पडेपर्यंत सोडत नाही. त्या काळी कॉमेडियनला घेऊन मालिका करायची तर त्याच्याभोवती कुटुंब उभं करण्याची रीत होती. बिल कॉस्बी आणि रोझॅन बार यांच्या गाजलेल्या मालिका तशाच होत्या. ‘साइनफेल्ड’ने कुटुंबाऐवजी ही कीस पाडण्याची सवयच मालिकेचा पाया केली. १९९१चा ‘द चायनीज रेस्टॉरंट’ हा भाग पाहा. जेरी, जॉर्ज आणि त्यांची मैत्रीण इलेन टेबल मिळण्याची वाट पाहत दाराशी उभे आहेत, एवढंच त्यात घडतं. व्यवस्थापक दर वेळी ‘पाच-दहा मिनिटं’ म्हणतो. भुकेने कासावीस झालेली इलेन त्याच्या हातात पैसे सरकवून पाहते, जॉर्ज सार्वजनिक फोन रिकामा होण्याची वाट पाहत चरफडतो. शेवटी तिघं कंटाळून निघून जातात आणि लगेच त्यांच्या नावाचा पुकारा होतो. यात कथाच नाही, असं वाहिनीच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. पण रांगेतला न्याय, लाच देण्यातली लाज, मागून येऊन पुढे जाणाऱ्याबद्दलची चीड हे सगळं त्यात आहे, आणि प्रेक्षकाला स्वतःचा ताटकळण्याचा अनुभव ओळखू येतो. मला हा भाग संपूर्ण मालिकेची गुरुकिल्ली वाटतो.

तरीही नुसत्या निरीक्षणावर नऊ पर्वं तरली नसती. त्यासाठी रचना लागते, आणि ती इथे फार कसबाची आहे. ‘द मरीन बायॉलॉजिस्ट’मध्ये जॉर्ज सागरी जीवशास्त्रज्ञ आहे अशी थाप जेरी एका जुन्या ओळखीच्या स्त्रीला मारतो. दुसरीकडे जेरीचा शेजारी क्रेमर समुद्रकिनारी जाऊन गोल्फचे चेंडू लाटांत टोलवतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. मग जॉर्ज त्या स्त्रीबरोबर किनाऱ्यावर असताना एक देवमासा तडफडताना सापडतो आणि गर्दी सागरी जीवशास्त्रज्ञ शोधू लागते. थाप निभावायला जॉर्जला पाण्यात उतरावंच लागतं. देवमाशाच्या श्वासछिद्रातून तो जे काढतो, तो क्रेमरचा चेंडू असतो. सहज बोललेल्या खोट्याची किंमत कुणाला, कुठे मोजावी लागेल याचा भरवसा नाही, हे इथे एकाही उपदेशाच्या वाक्याशिवाय कळतं.

पण ही माणसं निर्दय आहेत, त्यांना कशाचंच सोयरसुतक नाही, हा आक्षेप खरा आहे. लॅरी डेव्हिडचा नियमच होता की मालिकेत गळाभेटी नकोत आणि धडे शिकणंही नको. मात्र पात्रांना पश्चात्ताप नाही म्हणून मालिकेला त्यांच्या वागण्याचे परिणाम दिसत नाहीत, असं नव्हे. बाबू भट या पाकिस्तानी उपाहारगृहवाल्याचं उदाहरण घ्या. जेरीच्या सल्ल्याने तो फक्त पाकिस्तानी जेवण ठेवतो आणि धंदा बुडतो. पुढे त्याच्या व्हिसाचं पत्र चुकून जेरीच्या टपालात येतं, इलेनकडे पडून राहतं आणि त्याला देशाबाहेर काढलं जातं. मदत करण्याच्या फुशारकीने एक माणूस देशोधडीला लागला, हे प्रेक्षक विसरू शकत नाही. दुसरा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. न्यूयॉर्कसारख्या शहरातली ही मालिका बहुतांशी गोऱ्यांचीच राहिली, आणि १९९८मध्ये प्वेर्तो रिकोच्या मिरवणुकीवरच्या भागात तिथला झेंडा जळतो तो प्रसंग लोकांना दुखावून गेला. वाहिनीला माफी मागावी लागली. त्याचं समर्थन करता येत नाही.

१४ मे १९९८ रोजी अमेरिकेत सुमारे ७ कोटी ६० लाख लोकांनी पाहिलेला शेवटचा भाग अनेकांना आवडला नाही. एका माणसाला लुटलं जात असताना जेरी, जॉर्ज, इलेन आणि क्रेमर हे चौघं त्याची टिंगल करत बघत राहतात, म्हणून त्यांच्यावर खटला चालतो. बाबूसकट जुनी माणसं साक्ष देतात आणि चौघांना वर्षभराची कैद होते. निरोप गोड हवा होता, अशी तक्रार झाली. पण कोठडीतही जेरी बोलतो ते जॉर्जच्या शर्टाच्या बटणाबद्दल, आणि पहिल्याच भागातलं संभाषणही त्याच बटणाचं होतं. म्हणजे चौघांनाही काही उमगलेलं नाही. सातव्या पर्वानंतर मालिका सोडून गेलेला डेव्हिड हा भाग लिहायला परत आला आणि एवढ्या मोठ्या प्रेक्षकवर्गासमोरही त्याने आपला नियम मोडला नाही. प्रेक्षकांना खूश करण्यापेक्षा आपल्या पात्रांशी प्रामाणिक राहण्याचा त्याचा निर्णय मला योग्य वाटतो.