पाकिटावरचं नाव आणि आतलं बी

मृगाच्या तोंडावर मानवत, सेलू, जिंतूरच्या कृषी सेवा केंद्रांत कापसाचं बी नाव घेऊनच मागितलं जातं. गेल्या साली ज्याच्या रानात बोंडं लगडली, त्याचंच वाण यंदा अख्ख्या गावाला हवं असतं. ते मिळेना झालं की छापील किमतीच्या वर पैसे मोजले जातात.

गैरसमज : जास्त पैसे पडले म्हणजे बी भारी.
बीटी कापसाची कमाल किंमत २०१६ पासून केंद्र सरकार ठरवतं. २०२५च्या खरिपात बीजी-२च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ९०१ रुपये ही मर्यादा होती, कंपनी कोणतीही असो. वरचे पैसे टंचाईचे असतात, गुणाचे नव्हेत. शिवाय त्या पैशाची पावती कुणी देत नाही, आणि पक्क्या पावतीशिवाय उगवण न झाल्याची तक्रार उभीच राहत नाही. शेतकऱ्याचं खरं नुकसान इथे होतं.

गैरसमज : नामांकित कंपनीचं बी बोंडअळीला दाद देत नाही.
बीजी-२च्या वाणांत क्राय१एसी आणि क्राय२एबी हीच दोन जनुकं असतात. गुलाबी बोंडअळीने ती दोन्ही पचवली आहेत, हे २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याने सोसलं. तिला आवर बसतो तो कमी कालावधीचं वाण, वेळेवर लागवड आणि फरदड न घेणं यांनी.

गैरसमज : सगळं गाव घेतंय, म्हणजे पारखलेलंच असणार.
ग्लेन स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने वरंगळ जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. वाणांची लाट गावोगाव उठायची आणि ओसरायची. शेतीच्या दृष्टीने तिला आधार सापडत नव्हता, लोक एकमेकांचं पाहून घेत होते. आपल्याकडेही गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत साधलेलं वाण जिंतूरच्या डोंगराकडच्या हलक्या रानात साधेलच असं नाही. शेजाऱ्याचं वाण विचारताना त्याची जमीन, पाणी आणि लागवडीची तारीखही विचारावी.

गैरसमज : सरकारी वाण म्हणजे कमअस्सल.
परभणी कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रात तयार झालेल्या ‘नांदेड-४४’ने एके काळी कापूस पट्टा गाजवला. सोयाबीनचं एमएयूएस-७१ही परभणीचंच. सोयाबीनचं बी तर घरचंही चालतं : ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवा, ७० उगवले की पेरायला हरकत नाही.