वजीर डावीकडे की उजवीकडे? बुद्धिबळाचा पट कसा मांडायचा आणि मांडणी चुकली तर डावाचं काय होतं?

शाळांच्या बुद्धिबळ स्पर्धेत हा प्रसंग अनेकदा घडतो. सहा-सात चाली झालेल्या असतात. एक मूल किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग करायला जातं आणि तेव्हा लक्षात येतं की राजा नको त्या घरात उभा आहे. डाव सुरू होण्यापूर्वीच राजा आणि वजीर यांची अदलाबदल झालेली होती. समोरचा खेळाडू म्हणतो, 'आता चालायचं तसंच.' हा म्हणतो, 'पुन्हा मांडू.' पंचांना बोलावलं जातं.

बरोबर कोण? याचं उत्तर नियमांत स्पष्ट दिलेलं आहे, पण त्याआधी मुळात मांडणी कशी असते ते बघू.

आधी पट, मग मोहरे

बहुतेक चुका मोहरे ठेवताना होत नाहीत, त्याच्या आधी होतात. पट चौकोनी असल्यामुळे तो कसाही ठेवला तरी चालेल असं वाटतं. पण तसं नाही. दोन्ही खेळाडू समोरासमोर बसल्यावर प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं असलं पाहिजे. एकाचं बरोबर असेल तर दुसऱ्याचं आपोआप बरोबर असतं.

पटाच्या कडेला अक्षरं आणि आकडे छापलेले असतील तर पांढऱ्या मोहऱ्यांच्या बाजूला १ आकड्याची रांग येते आणि त्या खेळाडूच्या डाव्या कोपऱ्यात 'ए१' हे काळं घर येतं. मात्र काही स्वस्त पटांवर छपाईच चुकलेली असते, म्हणून अक्षरांपेक्षा रंगावर भरवसा ठेवलेला बरा.

आता मोहरे. कोपऱ्यात हत्ती, त्यांच्या आत घोडे, त्यांच्या आत उंट. पुढच्या रांगेत आठ प्यादी. इथपर्यंत कुणी फारसं चुकत नाही. मधली दोन घरं उरतात आणि खरा घोळ तिथे होतो.

वजीर आपल्या रंगाच्या घरात

नियम एका ओळीचा आहे: पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा वजीर काळ्या घरात. उरलेल्या घरात राजा. म्हणजे पांढरा वजीर 'डी१'वर, काळा वजीर 'डी८'वर. दोन्ही वजीर समोरासमोर, दोन्ही राजे समोरासमोर.

लहान मुलांना शिकवताना अनेक जण 'वजीर राजाच्या डावीकडे' असं सांगतात. पांढऱ्या बाजूनं बसलेल्यासाठी ते खरं आहे. काळ्या बाजूनं बसलं की वजीर राजाच्या उजवीकडे येतो. त्यामुळे डावं-उजवं पाठ करण्यापेक्षा रंग लक्षात ठेवणं सोपं. सगळ्यात आधी वजीर ठेवावा, मग राजा, मग बाकीचे.

राजा कोणता आणि वजीर कोणता, हाही गोंधळ असतो. आज स्पर्धांमध्ये वापरतात ते मोहरे स्टाँटन पद्धतीचे असतात. लंडनच्या जाक कंपनीनं १८४९ मध्ये ही घडण बाजारात आणली. त्यात सर्वांत उंच आणि डोक्यावर क्रूस असलेला तो राजा. त्याहून थोडा बुटका, दातेरी मुकुटाचा तो वजीर. टोकदार टोपीला तिरकी खाच असलेला तो उंट. उंटासारखं त्यात काहीच दिसत नाही, त्यामुळे नव्या माणसाचा गोंधळ होणारच.

पट आडवा ठेवला तर?

समजा उजव्या कोपऱ्यात काळं घर आलं. आता दोन शक्यता आहेत. 'वजीर आपल्या रंगात' हा नियम पाळला, तर राजा आणि वजीर यांच्या जागा उलटतात आणि सगळा डाव आरशात बघितल्यासारखा होतो. खेळता येतं, पण पाठ केलेल्या सुरुवातीच्या चाली उलट्या बाजूनं खेळाव्या लागतात. दुसरी शक्यता म्हणजे रंग न बघता नेहमीच्या बाजूला वजीर ठेवला. मग मोहऱ्यांच्या जागा बरोबर राहतात, फक्त घरांचे रंग उलटतात. पांढऱ्या घरांतून फिरणारा उंट काळ्या घरांतून फिरू लागतो. सवयीच्या खेळाडूला हे फार त्रासदायक जातं, कारण तो तिरप्या रेषा रंगावरूनच ओळखत असतो.

आजोबांची मांडणी चुकीची नसेलही

घरातल्या एखाद्या वयस्कर माणसानं दोन्ही बाजूंचे वजीर राजाच्या डाव्या हाताला ठेवले तर नातवंडं लगेच हसतात. पण थोडं थांबायला हवं. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात मांडणी अशीच होती. पांढरा राजा आजच्या 'ई१'वर, तर काळा राजा 'डी८'वर. म्हणजे प्रत्येक राजासमोर शत्रूचा वजीर.

याचं एक कारण पटातच दिसतं. जुने भारतीय पट एकाच रंगाचे असत. कापडावर नुसत्या उभ्या-आडव्या रेषा आणि काही घरांवर खुणा. काळी-पांढरी घरं मध्ययुगात युरोपात रूढ झाली. घरांना रंगच नसेल तर 'आपल्या रंगाच्या घरात' म्हणण्याला अर्थ उरत नाही, आणि मग डावा हात हीच सोयीची खूण ठरते.

देशी पद्धतीत इतरही फरक होते. प्यादं पहिल्या चालीला सहसा एकच घर पुढे जाई. आजचा किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह मिळण्यापूर्वी राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकणारे मीर सुलतान खान आधी याच पद्धतीनं खेळत होते आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नंतर शिकावे लागले.

मग पंच काय निर्णय देतात?

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ म्हणजे फिडेच्या नियमांत प्रत्येक चुकीचा वेगळा विचार आहे.

मोहऱ्यांची सुरुवातीची मांडणी चुकली होती असं डाव चालू असताना लक्षात आलं, तर तो डाव रद्द होतो आणि नव्यानं खेळावा लागतो. कुणी जिंकत आलेला असला तरीही. फक्त पट आडवा ठेवला गेला असेल तर शिक्षा इतकी कडक नाही. डाव चालूच राहतो, पण झालेली स्थिती नीट ठेवलेल्या पटावर जशीच्या तशी हलवायची. पांढरे-काळे मोहरे उलट खेळाडूंकडे गेले असतील, तर दोघांच्या दहा चाली होण्याआधी लक्षात आल्यास नवा डाव, नंतर आल्यास तोच पुढे चालू.

जलद डावांत, जिथे प्रत्येक पटावर पंचाची नजर नसते, तिथे हिशेब वेगळा. दोघांच्या दहा-दहा चाली झाल्या की मांडणीबद्दल तक्रार करता येत नाही. वर दंडही बसतो: राजा चुकीच्या घरात होता तर किल्लेकोट करता येत नाही, हत्ती चुकला असेल तर त्या हत्तीबरोबर करता येत नाही. म्हणजे सुरुवातीच्या प्रसंगातलं ते मूल सहाव्या-सातव्या चालीला बोललं, हे योग्यच केलं. अकराव्या चालीला बोललं असतं तर उपयोग झाला नसता.

आणखी एक गोष्ट. मोहरे घराच्या मधोमध ठेवण्याचं काम डाव सुरू होण्यापूर्वीच उरकावं. नंतर वाकडा मोहरा सरळ करायचा असेल तर आपली पाळी असताना आणि आधी तसं सांगूनच करता येतो. न सांगता हात लावला तर तोच मोहरा चालावा लागू शकतो. मोहरे दाटीनं उभे राहत असतील तर पट लहान आहे. एका घरात चार प्यादी मावावीत, हा साधा अंदाज.

मांडणीच बदलून टाकली तर?

माजी जगज्जेते बॉबी फिशर यांना पाठांतराचा कंटाळा आला होता. १९९६ मध्ये त्यांनी ब्युनोस आयर्समध्ये नवा प्रकार जाहीर केला. त्यात मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरतात. अटी दोनच: दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये. काळ्याची मांडणी पांढऱ्याच्या समोरासमोर तशीच.

अशा किती मांडण्या होतात? उंटांसाठी चार गुणिले चार, म्हणजे १६ प्रकार. वजिराला उरलेल्या सहापैकी एक घर. घोड्यांना उरलेल्या पाचपैकी दोन घरं, म्हणजे १० प्रकार. शेवटच्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती यांचा क्रम ठरलेलाच. १६ गुणिले ६ गुणिले १० बरोबर ९६०. म्हणूनच या प्रकाराला 'चेस ९६०' म्हणतात. या मांडण्यांना शून्यापासून ९५९ पर्यंत क्रमांक दिलेले आहेत आणि आपली नेहमीची मांडणी त्यात ५१८ क्रमांकाची आहे.