गाठीच्या आतला तपकिरी रंग

सुपारीएवढी गाठ होती ती. साताऱ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या मानेतून काढलेली. रात्रभर फॉर्मॅलिनमध्ये राहून घट्ट झालेली. मधोमध कापली, तर आतून माशाच्या मांसासारखी फिकट आणि एकसारखी. टीबीच्या गाठीत बहुधा चक्क्यासारखा भुसभुशीत भाग सापडतो. इथे तो कुठेच नव्हता, आणि हा माणूस चार महिने टीबीच्या गोळ्या घेत होता. तपासणी न करता, निव्वळ अंदाजाने सुरू केलेल्या.

ही त्याची दुसरी गाठ. पहिली एका दवाखान्यातून आमच्या पॅथॉलॉजी विभागात आली ती सलाइनमध्ये; शनिवारी काढलेली, सोमवारी पोचलेली. डबी उघडताच वासाने सांगितलं. पेशी कुजल्या की त्यांतली प्रथिनं जातात आणि डीएनएही जातो. त्या गाठीवर एकही मार्कर धड उठला नाही. त्या माणसाला पुन्हा टेबलावर झोपावं लागलं, याचा मला अजून राग येतो. फॉर्मॅलिनची बाटली काही महाग नसते.

दुसरी गाठ मेणात बसवली. मायक्रोटोमवर तीन मायक्रॉनचे काप निघाले. साध्या गुलाबी-निळ्या रंगात पाहिलं, तर गोल गोल पुंजके एकमेकांना खेटून दाटलेले. पण साध्या संसर्गातही लसिकाग्रंथीत असे पुंजके फुगतात. घसा दुखला की जबड्याखाली गाठ येते, तेव्हा आत हेच चाललेलं असतं. मग हा संसर्ग की कर्करोग?

निरोगी पुंजक्याच्या मध्यभागी बी-पेशींची कठोर परीक्षा चालते. त्या आपल्या अँटिबॉडीचा साचा बदलून पाहतात. ज्यांचा साचा जमत नाही, त्या मरतात, आणि भक्षक पेशी त्यांचे अवशेष गिळून टाकतात. पेशीला मरण्यापासून वाचवणारं एक प्रथिन आहे, बीसीएल-२. परीक्षेच्या काळात या पेशी ते बनवणं थांबवतात. म्हणून निरोगी गाठीत हा मार्कर लावला की भोवतालचं कडं तपकिरी दिसतं आणि मध्यभाग फिका राहतो.

मार्कर लावणं हे काम धीराचं आहे. फॉर्मॅलिनने जखडलेली प्रथिनं आधी गरम बफरमध्ये मोकळी करायची, मग अँटिबॉडी घालायची, धुवायचं, शेवटी रंग. आमच्या तंत्रज्ञ बाई स्लाइड हातात देताना आधी सांगतात, "कंट्रोल आलाय." म्हणजे आजूबाजूच्या टी-पेशी तपकिरी झाल्या आहेत. त्या नेहमीच होतात. त्या झाल्या नसतील तर त्या स्लाइडवर विश्वास ठेवायचा नाही.

त्या दिवशी टी-पेशी तपकिरी होत्या, आणि पुंजक्यांचे मध्यभागही गडद तपकिरी होते. मरायला हव्या होत्या त्या पेशी जिवंत होत्या.

हे घडतं ते दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे. अस्थिमज्जेत तयार होताना बी-पेशी अँटिबॉडीसाठी स्वतःचा डीएनए तोडते आणि जोडते. त्या जोडकामात चूक झाली, की अठराव्या गुणसूत्रावरचं बीसीएल-२ जनुक चौदाव्यावरच्या अँटिबॉडी-जनुकाशेजारी जाऊन बसतं. बी-पेशीत तिथलं बटण कायम चालू असतं, म्हणून प्रथिन बनतच राहतं. त्सुजिमोतो आणि क्रोचे यांनी १९८४ साली या तुटीच्या जागीच हे जनुक शोधलं. १९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉ, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी दाखवलं, की ते पेशींची वाढ वेगाने करत नाही, मरण रोखतं. तोवर कर्करोगाचं जनुक म्हणजे वाढीला रेटा देणारं, असाच समज होता. मला हा शोध फार मोठा वाटतो.

या अदलाबदलीची खात्री करायला फिश, म्हणजे गुणसूत्रांवर रंगीत ठिपके उमटवणारी तपासणी. चौदाव्यावर हिरवा ठिपका, अठराव्यावर लाल. रात्रभर ३७ अंशांवर ठेवून सकाळी अंधाऱ्या खोलीत पाहायचं. निळ्या केंद्रकात लाल-हिरवे ठिपके वेगवेगळे दिसले तर ठीक, एकमेकांवर येऊन पिवळे झाले तर अदलाबदल. काप केंद्रकापेक्षा पातळ असतो, काही ठिपके कापले जातात, म्हणून एकेक करत पुष्कळ केंद्रकं मोजावी लागतात. डोळे शिणतात, पण घाई करता येत नाही.

एवढ्यावरही रिपोर्ट लिहिता येत नाही. कधी बीसीएल-२ प्रथिनातच बदल झालेला असतो आणि नेहमीची अँटिबॉडी त्याला ओळखत नाही. रोग असूनही मध्यभाग फिका दिसतो. उलट, ही अदलाबदल असलेल्या मोजक्या पेशी धडधाकट माणसाच्या रक्तातही सापडतात. गाठीची रचना, प्रथिन आणि गुणसूत्र एकत्र ठेवूनच बोलायचं. या गाठीत तिन्ही जुळलं. हा कर्करोगच होता: फॉलिक्युलर लिम्फोमा.

मानेत, काखेत, जांघेत आलेली गाठ काही आठवड्यांत बसली नाही, तर टीबीची औषधं सुरू होण्याआधी तिचा तुकडा तपासायला सांगा. डॉक्टरांना जमत असेल तर गाठ अख्खी काढू द्या, आणि ती फॉर्मॅलिनमध्येच जाते आहे ना, हे नातेवाइकांनी विचारून घ्या. परळला टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायला गेलात तर रिपोर्टबरोबर मेणाचा ब्लॉकही न्यावा लागतो. तो उन्हात गाडीत ठेवू नका. घरात साध्या तापमानाला ब्लॉक कित्येक वर्षं टिकतो, आणि त्यातून नवा काप घेता येतो.