‘मेडिकल’मध्ये अडकलेला खेळाडू

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम दोन ठिकाणी चालतो. एक शाहू स्टेडियमवर, तालमी-तालमींचा. दुसरा मोबाइलवर, युरोपातला. दुपारी पाटाकडील आणि शिवाजी तरुण यांच्या सामन्याला घसा बसेपर्यंत ओरडलेला माणूस रात्री साडेबारा-दीडला चॅम्पियन्स लीग बघायला पुन्हा जागा राहतो. सकाळी चहाच्या गाडीवर डोळे चोळत तो सांगतो, ‘‘भावा, आपल्याला स्ट्रायकर घ्यायलाच पाहिजे. त्याच्याशिवाय ह्या वर्षी काय खरं नाही.’’ ‘आपल्याला’ म्हणजे पेठेतल्या तालमीला नव्हे, आर्सेनलला.

या ‘आपण’वर मानसशास्त्रात चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या संघाच्या सामन्याविषयी विचारले. संघ जिंकला असेल तर उत्तरात ‘आम्ही जिंकलो’ जास्त वेळा आले. हरला असेल तर ‘ते हरले’. संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव छापलेले कपडे घालून येणाऱ्यांची संख्याही वाढलेली दिसली. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे दिवस आले, की हा ‘आपण’ सगळ्यात जास्त ऐकू येतो, कारण तेव्हा सामना नसतो, हार नसते. फक्त शक्यता असते. शक्यतेत प्रत्येक जण जिंकतो.

कट्ट्यावरची ही मंडळी अडाणी असतात, असा समज मात्र करून घेऊ नये. जर्मनीतल्या ट्रान्सफरमार्क्ट या संकेतस्थळावर खेळाडूंचे बाजारमूल्य ठरते, ते मोठ्या प्रमाणात सामान्य चाहत्यांच्या चर्चेतून. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या मूल्यांवरून आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या निकालांचा अंदाज बांधून पाहिला. तो फिफाच्या क्रमवारीवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा सरस ठरला. हजारो लोकांचे थोडे-थोडे ज्ञान एकत्र आले, की एकेकाच्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात.

पण गर्दीला जे दिसते, तेच तिला कळते. दिसतात ते गोल, पास आणि शेवटचे पाच-सहा सामने. त्यातून एक ठरलेली चूक होते. पाच सामने हरलेल्या संघाचा प्रशिक्षक बदलला, पुढचे दोन जिंकले, की कट्टा म्हणतो, बघा, फरक पडला. दवाखान्यात हेच रोज घडते. ताप सर्वाधिक चढलेला असतो त्या दिवशी रुग्ण येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आपोआपच उतरणार असतो, पण श्रेय आदल्या संध्याकाळच्या इंजेक्शनला मिळते. नेदरलँड्समध्ये १९८६ ते २००४ या काळातल्या लीग सामन्यांची आकडेवारी तपासली गेली. तितक्याच वाईट अवस्थेत असूनही प्रशिक्षक न बदललेले संघसुद्धा जवळपास तसेच सावरले होते.

आणि गर्दीला जे अजिबात दिसत नाही, ते म्हणजे खेळाडूचे शरीर. सगळा सौदा ठरतो, वर्तमानपत्रांत आकडा छापून येतो, आणि मग बातमीच्या शेवटी एक ओळ असते: ‘मेडिकल बाकी आहे.’ चाहते ती ओळ ओलांडून पुढे जातात. खरे तर सौद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट तिथेच दडलेली असते.

नेदरलँड्सचा रूड व्हॅन निस्टलरॉय २००० च्या वसंतात पीएसव्ही आइंडहोवन सोडून मँचेस्टर युनायटेडमध्ये जाणार होता. गुडघ्याविषयी डॉक्टरांना शंका आली आणि करार थांबला. चाहत्यांना वाटले, डॉक्टर उगाच घाबरतात. काही दिवसांतच पीएसव्हीच्या सरावात त्याच्या त्याच गुडघ्याचा क्रुशिएट लिगामेंट तुटला. शस्त्रक्रिया झाली, वर्ष गेले, आणि २००१ मध्ये तो मँचेस्टरला गेलाच. तिथे पाच हंगामांत त्याने १५० गोल केले. म्हणजे शंका खरी होती आणि खेळाडूही खरा होता. ‘मेडिकल’मध्ये नापास होणे म्हणजे खेळाडू संपला असे नाही, हे या उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून होणार नाही.

नायजेरियाचा न्वांक्वो कानू याची गोष्ट तर त्याहून मोठी. १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये अर्जेंटिनाला हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचा तो कर्णधार. त्याच वर्षी तो इंटर मिलानमध्ये गेला. तिथल्या तपासणीत हृदयाच्या महाधमनीच्या झडपेत दोष सापडला. जगातल्या सर्वोत्तम संघांना पळवून दमवणारा तरुण, आणि झडप बिघडलेली! नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी तो पुन्हा मैदानावर आला, १९९९ मध्ये आर्सेनलला गेला. हृदयविकार असलेल्या आफ्रिकी मुलांसाठी त्याने पुढे संस्था काढली. विकत घेणाऱ्या क्लबने आपला पैसा वाचवण्यासाठी केलेल्या तपासणीत एका माणसाचा जीव वाचला, असे म्हणायला हरकत नाही.

इटलीत ती तपासणी तशीही कडकच असते. स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यांना ईसीजीसह वैद्यकीय प्रमाणपत्र तिथे १९८० च्या दशकापासून बंधनकारक आहे. याच नियमांचा दुसरा परिणाम डेन्मार्कच्या ख्रिस्तियन एरिक्सनच्या वाट्याला आला. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्ध खेळताना तो कोसळला, हृदय थांबले. मैदानावरच छातीवर दाब देऊन आणि विजेचा झटका देऊन त्याला परत आणले गेले. पुढे त्याच्या शरीरात आयसीडी बसवले. हे छोटे यंत्र हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडले, तर आतूनच झटका देते. इटलीत असे यंत्र असलेल्या खेळाडूला खेळण्याची परवानगी नाही, म्हणून इंटरशी त्याचा करार संपला. इंग्लंडमध्ये तशी बंदी नाही. जानेवारी २०२२ मध्ये ब्रेंटफर्डने त्याला घेतले. एकच हृदय, एकच यंत्र. एका देशात उत्तर ‘नाही’, दुसऱ्यात ‘हो’. दोन्हीकडचे डॉक्टर शहाणेच होते. धोका किती, हे वैद्यकशास्त्र अंदाजाने सांगू शकते. किती धोका पत्करायचा, हे समाज ठरवतो.

तपासणीचीही मर्यादा आहे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९९६ ते २०१६ या वीस वर्षांत ११,१६८ किशोरवयीन खेळाडूंची हृदयतपासणी केली. त्यात ईसीजी आणि एको दोन्ही होते. ४२ मुलांमध्ये अकस्मात मृत्यू ओढवू शकेल असा आजार सापडला. पुढील काळात आठ खेळाडूंचा हृदयविकाराने अचानक मृत्यू झाला. त्या आठांपैकी सहा जणांची तपासणी निर्दोष आली होती, आणि तपासणी व मृत्यू यांत सरासरी जवळपास सात वर्षे गेली होती. सोळाव्या वर्षी मिळालेले ‘फिट’ हे प्रमाणपत्र तेविसाव्या वर्षी चालत नाही, कारण काही आजार मधल्या काळात उगवतात.

संघनिवडीच्या वादात शरीर आणखी एका वाटेने येते. ‘तो बरा झालाय ना, मग खेळवत का नाहीत?’ हा प्रश्न युरोपातही तोच आणि पेठेतही तोच. मांडीच्या मागच्या स्नायूची, हॅमस्ट्रिंगची दुखापत घ्या. युरोपातल्या व्यावसायिक क्लबांमध्ये २००१-०२ च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२ मध्ये २४ टक्के. वीस वर्षांत वैद्यकीय सोयी अफाट वाढल्या आणि दुखापतींमधला हा वाटा दुप्पट झाला! खेळाचा वेग वाढला, सामन्यांची गर्दी वाढली; स्नायू तेच राहिले. या दुखापतींतली जवळजवळ पाचांतली एक पुन्हा त्याच जागी होते, आणि अशा पुनरावृत्तीतल्या दोन तृतीयांशांहून जास्त मैदानावर परतल्यानंतरच्या दोन महिन्यांत घडतात. वेदना थांबते, पण फाटलेल्या तंतूंच्या जागी आलेली नवी ऊती अजून कच्चीच असते. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्यांवर नॉर्वेत एक अभ्यास झाला. नऊ महिन्यांपर्यंत परतण्याचा जो-जो महिना लांबवला, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत गेले. कट्ट्याला मात्र सहाव्या महिन्यातच तो बेंचवर दिसायला हवा असतो.

या दबावाचे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १२ जुलै १९९८ चे. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारी ब्राझीलच्या रोनाल्डोला हॉटेलच्या खोलीत झटका आला. रुग्णालयात नेले, तपासण्यांत काही सापडले नाही. संघाच्या पहिल्या यादीत त्याचे नाव नव्हते. थोड्या वेळाने आलेल्या दुसऱ्या यादीत होते. तो खेळला, पण निष्प्रभ राहिला, आणि फ्रान्सने सामना ३-० ने जिंकला. ब्राझीलच्या संसदीय चौकशी समितीने पुढे याबद्दल त्याला प्रश्न विचारले, इतके ते प्रकरण गाजले. सामना का हरला, यावर लोक अजून भांडतात. काही तासांपूर्वी झटका आलेल्या माणसाला नव्वद मिनिटे धावायला लावणे योग्य होते का, हा प्रश्न फार कमी जण विचारतात.

हे सगळे दूर युरोपातले, असे वाटत असेल तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी बघावी. गुडघा सुजलेला, विशीतला मुलगा येतो. सोबत संघाचे दोन कार्यकर्ते. ‘‘डॉक्टरसाहेब, रविवारी फायनल आहे. तेवढं इंजेक्शन द्या, नंतर काय ते बघू.’’ वेदनाशामक इंजेक्शनने गुडघा बरा होत नाही, फक्त गप्प होतो. वेदना हा शरीराचा पहारेकरी; त्यालाच झोपवून दरवाजा उघडा टाकण्यासारखे हे आहे. स्नायूबंधाजवळ स्टेरॉइड टोचले तर तो बंध कमकुवत होऊन तुटण्याची भीती वेगळीच. त्या मुलाच्या मागे ना फिजिओ असतो, ना विमा. रविवारची फायनल संपते, करंडक मिरवला जातो, आणि सोमवारी त्याला गवंड्याच्या हाताखाली किंवा कारखान्यात उभे राहायचे असते.

गोव्याने तर याहून दु:खद प्रसंग पाहिला आहे. ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर ईस्ट बंगालकडून खेळून पुढे गोव्याच्या डेम्पोकडे आला होता. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत मोहन बागानविरुद्ध फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. त्याने दोन गोल केले, दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो कोसळला. डेम्पोने चषक जिंकला, क्रिस्तियानो वाचला नाही. मैदानावरच्या तातडीच्या वैद्यकीय मदतीविषयी त्या वेळी देशभर टीका झाली होती. हृदय थांबल्यावर मदत न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून रुग्णालय किती जवळ आहे यापेक्षा छाती दाबता येणारा माणूस आणि झटका देणारे एईडी यंत्र मैदानावर आहे का, याला महत्त्व. स्थानिक स्पर्धांच्या जाहिरात फलकांवर होणारा खर्च पाहता असे एक यंत्र परवडणार नाही, हे पटण्यासारखे नाही. नोंदणी करताना प्रत्येक खेळाडूला तीन प्रश्न विचारायला तर पैसेही लागत नाहीत: धावताना कधी चक्कर येऊन पडलास का, छातीत दुखते का, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेले आहे का. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर आधी ईसीजी आणि डॉक्टर, मग जर्सी.

आता उरला स्वत: चाहता. त्याचे कुणी ‘मेडिकल’ करत नाही. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक आणि परिसरातल्या हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली गेली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हे प्रमाण एरवीच्या २.६६ पट होते, पुरुषांत ३.२६ पट. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत आले, आणि आधीपासून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांचा त्यात मोठा वाटा होता. १९९८ मध्ये इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरला, त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमध्ये हृदयाघाताने दाखल होणारे २५ टक्क्यांनी वाढले होते. इटलीतल्या अभ्यासात मात्र अशी वाढ आढळली नाही, हेही सांगायला हवे. तेव्हा फुटबॉल बघणे हाच आजार, असे घाबरून जाण्याचे कारण नाही. जागरण, सिगारेट, तिखट-तेलकट, चुकवलेली रक्तदाबाची गोळी आणि वर पेनल्टी शूटआउट, असे सगळे एका रात्रीत जमून येते तेव्हा धोका असतो.

त्यातला सगळ्यात घातक भाग म्हणजे थांबणे. छातीत जड वाटते, घाम फुटतो, डावा हात भरून येतो, आणि माणूस म्हणतो, ‘‘दहा मिनिटं राहिली आहेत, मॅच बघून जाऊ.’’ दहाची नव्वद होतात, मग अतिरिक्त वेळ, मग ‘ॲसिडिटी असेल’. अशा वेळी शेजारी बसलेल्या भावाने वाद न घालता १०८ ला फोन लावायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला बसवून ठेवायचे, जिना चढू-उतरू द्यायचा नाही, आणि स्कोअर काय झाला ते त्याला नंतर सांगायचे.